उसातलं तणनाशक निचऱ्याच्या पाईपानं जातं का, आणि शेजारचा कांदा कशानं पिवळा पडला?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याखाली सहा एकर काळी जमीन. पाणी लागून खार फुटला होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचरा केला. यंदा पूर्वहंगामी ऊस लावला, वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी) एकरी दोन किलो अ‍ॅट्राझीन (५० टक्के भुकटी) मारलं आणि चौथ्या दिवशी पाटानं भरपूर पाणी दिलं. दोन-तीन तासांत पाईप वाहू लागला. ते पाणी ओढ्यात, ओढ्यालगत चुलत्यांची विहीर, विहिरीवर कांद्याचं रोप. रोप पिवळं पडलं, शेंडे करपले. चुलते म्हणतात, तुमच्या तणनाशकानं. शिवाय उसात महिन्याभरात तण पुन्हा आलंच. तर औषध पाईपानं वाहून गेलं का, किती गेलं, आणि निचऱ्याचं तोंड बुजवून टाकावं का?

तोंड बुजवू नका. हे आधी सांगतो, कारण भावकीतल्या वादात रागाच्या भरात लोक तेच करून बसतात. तुमच्या जमिनीतला खार त्या पाईपामुळेच खाली उतरतोय. तोंड कायमचं बंद केलं की पाण्याची पातळी चढेल आणि उन्हाळ्यात पांढरा थर पुन्हा वर दिसेल. औषध पाईपानं जातं का, तर जातं. पण तुम्हाला आणि चुलत्यांना वाटतंय त्यापेक्षा खूपच कमी जातं. आणि कांद्याचं म्हणाल तर माझा पहिला संशय औषधावर नाही, त्याच पाण्यातल्या मिठावर आहे. पंढरपूर-माळशिरस भागात असे निचरे टाकून देण्याचं आणि नंतर त्यांची देखभाल बघण्याचं माझं काम आहे. हा वाद मला नवा नाही.

औषध खाली कसं जातं ते आधी समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण निम्म्यापर्यंत, कधी त्याहून जास्त. ही माती ओलीत फुगते, सुकली की आकसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात भेग हातभर सहज जाते, कुठे कुठे पाईपाच्या खोलीपर्यंतही उतरते. लागणीच्या वेळी वरची माती भिजून भेगेचं तोंड मिटलेलं दिसतं, पण खाली वाट शिल्लक असते. अशा मातीच्या पोटातून, म्हणजे कणाकणांमधून झिरपत पाणी साडेतीन-चार फुटांवरच्या पाईपापर्यंत यायचं म्हटलं तर कित्येक दिवस लागतील. तुमचा पाईप दोन-तीन तासांत वाहू लागला. यावरूनच कळतं की ते पाणी मातीतून गाळून आलेलं नाही, भेगांनी आणि पाईपासाठी खोदून बुजवलेल्या चराच्या भुसभुशीत मातीतून थेट धावत आलेलं आहे. खात्री करायची असेल तर पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सरीत दोन फुटांचा खड्डा काढा आणि एक ढेकूळ उचलून हातानं फोडा. भेगेकडची बाजू चिकट, ओली, काळी चमकणारी निघते आणि त्याच ढेकळाचं पोट फिकट, कोरडं. पाणी ढेकळाला वळसा घालून खाली गेलेलं असतं.

औषधाच्या दृष्टीनं हीच अडचण आहे. मातीतून हळूहळू झिरपलं असतं तर अ‍ॅट्राझीन वाटेत कणांना चिकटलं असतं, जिवाणूंनी खाल्लं असतं. भेगेतून जाताना त्याला चिकटायला वेळच मिळत नाही. म्हणून निचऱ्याच्या पाण्यातलं औषध वर्षभर सारखं येत नाही. फवारणीनंतरच्या पहिल्या एक-दोन पाण्यांत किंवा पहिल्या जोराच्या पावसात त्याची लाट येते आणि पुढे ओसरते. अमेरिकेत इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी ५, १० आणि २० मीटर अंतरावर पाईप टाकून हे वर्षानुवर्षं मोजलं. त्यांचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असं सांगतात की फवारणीनंतर पाईपातून पहिलं दोनेक सेंटिमीटर पाणी निघायच्या आतच बहुतेक औषधं त्यात दिसली. पाईप जितके जवळ तितकं हेक्टरी जास्त औषध गेलं. तरीही अ‍ॅट्राझीनचा वर्षाचा तोटा हेक्टरी एक ग्रॅमच्या आतच राहिला. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या ब्रिमस्टोन फार्मवरची जमीन आपल्यासारखी भारी, भेगाळणारी. तिथेही आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाची उसळी फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसांतच आली. पश्चिमेकडच्या अशा सगळ्या मोजण्यांचा गोषवारा असा की मारलेल्या औषधाच्या अर्ध्या टक्क्याहून कमीच बहुधा पाईपानं जातं. फवारणीवर लगेच धो धो पाऊस झाला तर दोन-तीन टक्के, तेही क्वचित.

तुमच्यासाठी मी अर्धा टक्का धरतो. जमीन भेगाळणारी, पाणी चौथ्या दिवशी आणि तेही पाटानं, त्यामुळे एक ग्रॅमचा इंडियानाचा आकडा इथे धरणं मला पटत नाही.

आता हिशेब करू. एकरी दोन किलो भुकटी म्हणजे एक किलो खरं औषध. त्याचा अर्धा टक्का म्हणजे पाच ग्रॅम. खिशाच्या दृष्टीनं हा तोटा काहीच नाही. पुडी फाडताना वाऱ्यावर याहून जास्त उडतं. पण पाण्याच्या बाजूनं बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) अ‍ॅट्राझीनची मर्यादा लिटरला दोन मायक्रोग्रॅम आहे. पाच ग्रॅम औषध २५ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. एकरातून पाईपानं दहा मिलिमीटर पाणी निघालं तर ते साधारण ४० हजार लिटर होतं, आणि पाच ग्रॅम त्यात विरघळले तर लिटरला सव्वाशे मायक्रोग्रॅम. मानकाच्या साठपट. अर्थात मर्यादा ठरवण्यातही एकमत नाही. युरोपात कुठल्याही एका कीडनाशकाला पिण्याच्या पाण्यात ०.१ मायक्रोग्रॅमची सरसकट मर्यादा आहे, अमेरिकेत अ‍ॅट्राझीनला ३, तर जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी १०० मायक्रोग्रॅम. म्हणून साठपट ऐकून घाबरून जाऊ नका, पण पाईपाच्या तोंडचं पाणी त्या पंधरवड्यात कुणी पिऊ नये, गुरांनाही दाखवू नये. ओढ्यालगतच्या ज्या विहिरीवरून वस्तीचं पिण्याचं पाणी भरतात तिथे तर नक्कीच नाही. उकळून हे औषध जात नाही, तुरटीनंही नाही. कार्बन फिल्टरनं मात्र बरंचसं अडतं. तुमचा ओढा पुढे नीरेला, नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते, खाली पंढरपूर, त्याच्याही खाली औज बंधारा, तिथून टाकळीला सोलापूर शहराचं पाणी उचलतात. तिथपर्यंत पाणी इतकं मिसळतं की तुमचे पाच ग्रॅम शोधून सापडणार नाहीत. विहीर मात्र ओढ्यापासून दहा पावलांवर असते, आणि उन्हाळ्यात ओढ्याला दुसरं पाणीच नसतं.

आता कांद्याकडे येऊ. तुमच्या सहा एकरांच्या पाईपातलं पाणी, काही न मिसळता, एक एकर कांद्याला पाच सेंटिमीटरचं एक पाणी म्हणून दिलं असं समजा. ते दोन लाख लिटर होतं. त्यात अ‍ॅट्राझीन किती? सव्वाशे मायक्रोग्रॅमनं गुणलं तर २५ ग्रॅम. उसाला तुम्ही एकरी एक हजार ग्रॅम मारता, त्याचा चाळिसावा भाग. कांद्याच्या कोवळ्या रोपाला हेही बरं नाही, पण प्रत्यक्षात विहिरीत हे पाणी मिसळून आणखी पातळ झालेलं असतं. त्या एका पाण्यानं शेंडे करपणार नाहीत. आता त्याच पाण्यातलं मीठ मोजू. खारवट जमिनीच्या निचऱ्याच्या पाण्याची ईसी (मीठ किती ते दाखवणारी विद्युतवाहकता, डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये) सुरुवातीच्या वर्षांत चार निघाली तरी मला नवल वाटत नाही, याहून जास्तही बघितली आहे. ईसी चार म्हणजे लिटरला अडीच ग्रॅम क्षार. दोन लाख लिटरला पाचशे किलो. एका पाण्याबरोबर एकरी पाच क्विंटल मीठ! कांदा हे खाऱ्याला फार नाजूक पीक आहे. पाण्याची ईसी एकाच्या आसपास गेली की उतारा घटायला लागतो. विहिरीत निम्मं मिसळलं तरी दोन उरते. एकीकडे २५ ग्रॅम आणि दुसरीकडे पाच क्विंटल, तेव्हा चौकशी कुठून सुरू करायची ते तुम्हीच सांगा.

पण हिशेब म्हणजे पुरावा नव्हे. पानं बघा. खाऱ्यानं कांद्याच्या पातीचे शेंडे आधी वाळतात, कडक पांढरट होतात, रोप खुजं राहतं, वाफ्याच्या वरंब्यावर, जिथे पाणी चढून सुकतं तिथे, नुकसान सर्वांत जास्त आणि मातीवर फिकट पापुद्रा. उगवणच विरळ आणि उशिरा होते. अ‍ॅट्राझीन किंवा मेट्रिब्युझीन या तशाच तणनाशकाचा त्रास वेगळा दिसतो: बी छान उगवतं, रोप चार दिवस हिरवंगार उभं राहतं, मग जुनी पानं आधी पिवळी पडून वाळतात. रुंद पानाच्या पिकात, म्हणजे वांगी-काकडीत, कडेकडेनं आणि शिरांच्या मध्ये पिवळं पडत जातं, नवं पान तुलनेनं हिरवं. कारण ही औषधं मुळातून वर चढून जुन्या पानांत साठतात आणि प्रकाशात अन्न तयार करण्याचं काम तिथे बंद पाडतात. पान पिळवटलं, चिंचोळं झालं, देठ वाकले, तर ते टू-फोर-डी हे तणनाशक. आणि ते बहुधा पाण्यानं नाही, वाऱ्यानं किंवा न धुतलेल्या पंपातून येतं. कासेगावकडच्या द्राक्षवाल्यांना विचारा, शेजारी कुणी टू-फोर-डीचा डबा उघडला तरी त्यांची झोप उडते. ते बरोबरच आहे.

घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणी आहे, वाद मिटवायला ती चुलत्यांच्या अंगणात करा. सहा छोट्या कुंड्या घ्या, त्यात वाळू मिसळलेला पोयटा भरा. काळी माती नको, ती औषध धरून ठेवते. प्रत्येकीत काकडीच्या चार बिया. दोन कुंड्यांना कालव्याचं पाणी, दोघींना विहिरीचं, आणि उरलेल्या दोघींना तेच विहिरीचं पाणी पण कोळशातून काढलेलं. कोळसा म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो तो अ‍ॅक्टिव्हेटेड कोळसा. चुलीतला चालणार नाही. लिटरभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे टाकून अधूनमधून ढवळायचं, रात्रभर ठेवायचं आणि दाट कापडानं गाळायचं. हा कोळसा तणनाशक धरतो, मीठ धरत नाही. साध्या विहिरीच्या पाण्याची काकडी खराब झाली आणि कोळशाच्या पाण्याची चांगली आली तर चुलत्यांचं खरं. दोन्ही सारख्याच खराब झाल्या तर मीठ. रोपाला तिसरं पान येईपर्यंत थांबा, आधी निकाल लावू नका. कुंडीत काही दिसलं नाही म्हणून पाणी पिण्यालायक ठरतं असंही नाही. काकडीपेक्षा मानकाची मर्यादा कितीतरी कडक आहे.

ईसी मोजायचा पेन कृषी सेवा केंद्रात किंवा ऑनलाईन मिळतो, फार महाग नसतो. पाईपाच्या तोंडाशी, ओढ्यात पाईपाच्या वर, आणि विहिरीत, अशा तीन ठिकाणी मोजा. मला विचाराल तर कुंड्यांच्याही आधी हे करा. पाच मिनिटांत निम्मा निकाल लागतो.

उसात तण पुन्हा का आलं? पाच ग्रॅम गेले म्हणून तर नक्कीच नाही. ९९५ ग्रॅम शेतातच होते. तुम्ही कुठलं तण ते लिहिलेलं नाही, आणि खरं उत्तर तिथेच आहे. लव्हाळा आणि हरळी असेल तर अ‍ॅट्राझीननं ती जात नाहीतच, गाठींतून आणि खोडातून परत फुटतात. चांदवेल खोलवरच्या बियाण्यातून उशिरा येते, तोवर वरचं औषध विरलेलं असतं. घोळ, माठ, केना आला असेल तर मात्र फवारणीतच खोट आहे. एक शक्यता ढेकळांची: ढेकळाच्या वरच्या बाजूला औषध बसतं, खालची बाजू कोरी, पाण्यानं ढेकूळ फुटलं की कोरी माती वर. दुसरी शक्यता चौथ्या दिवसाच्या भरपूर पाण्याची. औषध वरच्या दोन-तीन इंचांत राहिलं तर उगवणाऱ्या बियांना लागतं. पाटाच्या लोंढ्यानं ते सहा-आठ इंच खाली गेलं की शेतातच असूनही निकामी. पाईपापर्यंत जाणारं औषध थोडं, पण तणाच्या मुळाखाली उतरणारं बरंच असू शकतं, आणि तुमचं खरं नुकसान हे आहे. तिसरी गोष्ट लोकांना पटत नाही, तरी सांगतो. एकाच शेतात वर्षानुवर्षं अ‍ॅट्राझीन मारलं की ते खाणारे जिवाणू त्या मातीत वाढतात आणि औषध काही दिवसांतच संपवतात. परदेशात मक्याच्या आणि उसाच्या जमिनींत, विशेषतः सामू (पीएच) जास्त असलेल्या जमिनींत, हे नीट नोंदवलं गेलंय. तुमच्याकडे सलग दहा वर्षं तेच औषध चाललं असेल तर एखादं वर्ष बदलून बघा.

बदलताना काय घ्यावं, तर निचरा असलेल्या जमिनीत मी दोन गोष्टी बघतो: पाण्यात किती विरघळतं आणि मातीला किती चिकटतं. अ‍ॅट्राझीन लिटरला ३३-३५ मिलिग्रॅम विरघळतं, मेट्रिब्युझीन एक ग्रॅमच्याही वर. दोन्ही मातीला ढिलीच चिकटतात, आणि आपल्यासारख्या आठच्या वर सामू असलेल्या जमिनीत आणखी ढिली. म्हणजे अ‍ॅट्राझीन सोडून मेट्रिब्युझीन घेतलं तर पाईपाच्या दृष्टीनं आगीतून फुफाट्यात. पेंडिमेथॅलीन लिटरला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा विरघळत नाही आणि मातीला घट्ट धरून बसतं. ग्लायफोसेट गंमतीचं आहे: पाण्यात भरपूर विरघळतं पण मातीला लागलं की सहसा सुटत नाही. मात्र चिकटणारी औषधंही पाईपातून अजिबात येत नाहीत असं समजू नका. पाणी सुरू होताना पाईपातून पहिल्यांदा जे गढूळ पाणी येतं, त्यातल्या बारीक मातीवर बसून ती येतात.

आता काय करायचं ते.

सगळ्यात मोठी गळती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती पाईपाची नसतेच. दोनशे लिटर पाण्यात एक किलो खरं औषध म्हणजे लिटरला पाच ग्रॅम. पंपाच्या तळाशी उरलेलं एक लिटर द्रावण ओढ्यात ओतलं की एका एकरातून पाईपानं जितकं औषध जाईल तितकं एका मिनिटात गेलं. आणि पंप धुवायला लोक कुठे बसतात? ओढ्यावर, विहिरीच्या थारोळ्यावर, नाहीतर निचऱ्याच्या चेंबरवर, कारण तिथे पाणी हाताशी असतं. चेंबरमध्ये पंप रिकामा करताना गडी मी स्वतः बघितलेत. तुमच्याकडे फवारणी कुणी केली, पंप कुठे धुतला, हे आजच विचारा. उरलेलं द्रावण पाणी घालून पातळ करायचं आणि उसाच्याच कडेच्या सऱ्यांत फवारून संपवायचं, धुवणही तिथेच.

दुसरं, पाण्याचं वेळापत्रक. लागणीचं पाणी आधी होऊ द्या, भेगा फुगून मिटू द्या, वाफशावर फवारा, आणि पुढचं पाणी आठ-दहा दिवस लांबवा. जमिनीला ओल आहे, कोंबाला तेवढी पुरते. या दिवसांत औषध मातीला जास्त जास्त घट्ट चिकटत जातं. चौथ्या दिवशी जे वाहून गेलं असतं ते दहाव्या दिवशी तितकं सुटत नाही. मग पहिलं पाणी हलकं द्या, शक्य असेल तर एक आड एक सरी. ठिबक असेल तर प्रश्न जवळजवळ संपतोच, रोज तास-दीड तास ठिबक चाललं तर पाईप वाहतच नाही. ठिबकवाल्यांना भीती फक्त पावसाची. सुरू उसाच्या लागणीला जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस नसतो, तिथे सगळं तुमच्या हातात. आडसालीला जुलै-ऑगस्टमध्ये आणि पूर्वहंगामीला ऑक्टोबरमध्ये अंदाज बघितल्याशिवाय पंप उचलू नका. आपल्याकडे सप्टेंबर हा पावसाचा महिना, आणि ऑक्टोबरचा भरवसा किती धरायचा हे १४ ऑक्टोबर २०२० ला पंढरपूर-सोलापूरनं बघितलंय. मेघदूत अ‍ॅपवर तालुक्याचा पाच दिवसांचा अंदाज येतो, तेवढा पुरे.

तिसरं, पाईपाचं तोंड. कायमचं बंद करायचं नाही, पण तात्पुरतं वर उचलता येतं. मुख्य पाईप चेंबरमध्ये जिथे सुटतो तिथे रबरी सील असलेला, फिरणारा एल्बो (काटकोनी जोड) बसवा आणि त्याला पाईपाचा तुकडा जोडा. आडवा असला की नेहमीसारखा निचरा. उभा केला की पाणी त्या तुकड्याच्या उंचीपर्यंत शेतात थांबतं. तुकडा असा कापा की पाणी जमिनीच्या दोन फूट खालीच राहील, त्याहून वर नको. लागणीचं टिपरं चार-सहा इंचांवर असतं, पाणी तिथे तुंबलं तर डोळे कुजतील. फवारणीच्या आदल्या दिवशी उभा करा, पहिलं पाणी देऊन दोन-तीन दिवस झाले की आडवा. या काळात औषध जमिनीतच अडकून बसतं, पुढच्या पाण्यापर्यंत त्यातलं बरंच चिकटतं किंवा विरतं. जोराचा पाऊस झाला तर मात्र मागचा-पुढचा विचार न करता आडवा करायचा, ऊस वाचवणं आधी. आणि तुमचा पाईप सामुदायिक मुख्य पाईपाला जोडलेला असेल तर हा एल्बो तुमच्याच चेंबरमध्ये बसवा, पुढे नको. नाहीतर तुमचं औषध अडवायच्या नादात वरच्या तिघांच्या शेतात पाणी तुंबेल आणि भांडण चुलत्यांपुरतं राहणार नाही.

एल्बो नको असेल तर पहिल्या दोन दिवसांचं पाणी ओढ्यात न सोडता चेंबरमधून मोटारीनं उचला आणि कालव्याच्या पाण्यात मिसळून उसालाच द्या. उसाला अ‍ॅट्राझीन पचतं, म्हणूनच ते उसात चालतं. हंगामात एक-दोनदा हे करायला हरकत नाही, पण सवय लावू नका. खाली काढलेलं मीठ पुन्हा वर आणणं होतं ते.

चराबद्दलही सांगतो. निचरा होऊन दोनच वर्षं झालीत, पाईपावरची माती अजून पुरती बसलेली नसणार. पाणी देताना ज्या पट्ट्यात सरी अचानक पाणी पिऊ लागते, पुढे सरकतच नाही, तो तुमचा चर. अशा दोन-तीन फुटांच्या पट्ट्यांवर तणनाशक मारूच नका, तिथे खुरपणी करा. पाईपाच्या रेषेत, लांबीच्या दिशेनं सरी पाडलेली असेल तर पुढच्या लागणीला ती आडवी घ्या.

औषध कमी मारणं हा सरळ उपाय सगळ्यांत शेवटी आठवतो. पट्टा पद्धतीनं लागण असेल तर ओळीवरच्या पट्ट्यातच फवारा आणि मधल्या जागेत औजार चालवा, निम्मं औषध वाचतं. खोडव्याला पाचट ठेवलंत तर तणही दबतं आणि जमीन भेगाळतही कमी. पाचट जाळून वर अ‍ॅट्राझीन मारणाऱ्यांना काय म्हणावं ते मला कळत नाही.

पाईपाच्या तोंडाला कोळशाचा किंवा बगॅसच्या राखेचा खड्डा करून गाळणी लावा, असं हल्ली कुणी कुणी सुचवतं. एकरी ४० हजार लिटरचा लोट एका खड्ड्यातून जाताना क्षणभरही थांबत नाही. त्यावर पैसे घालू नका.

चुलते तरीही ऐकत नसतील आणि प्रयोगशाळेत तपासायचंच असेल तर नमुना नीट घ्या, नाहीतर पैसे वाया. गडद रंगाची काचेची बाटली, त्याच पाण्यानं विसळून काठोकाठ भरलेली, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमची फॉईल, बर्फाच्या डब्यात, दुसऱ्या दिवशी पोचेल अशी. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली, कीडनाशकांचे अंश तपासणारी प्रयोगशाळा लागते. माती-पाणी परीक्षणाच्या नेहमीच्या केंद्रात हे होत नाही. वेळ सर्वांत महत्त्वाची. पाईप सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांतला एक नमुना, दुसऱ्या दिवशीचा एक, आणि विहिरीचा एक. यंदाची लाट कधीच निघून गेली, आता बाटली भरून काही हाती लागणार नाही. पुढच्या फवारणीला चुलत्यांना तारीख आधी सांगा, बाटल्या त्यांच्याच हातानं भरून घ्या, आणि त्या आठवड्यात त्यांना विहिरीऐवजी कालव्याचं पाणी मिळेल अशी सोय तुम्ही करून द्या.

कांद्याचं रोप आत्ता वाचवायचं असेल तर तपासणीची वाट बघत बसू नका. कालव्याचं गोडं पाणी मिळवून वाफ्यांना लागोपाठ दोन चांगली पाणी द्या, वाफ्यातून पाणी खाली निघून जाईल एवढी. नवं कोवळं पान हिरवं येऊ लागलं तर रोप धरेल. निम्म्याहून जास्त रोप मेलं असेल तर त्याच वाफ्यावर पुन्हा बी टाकू नका, ओढ्यापासून लांब, चढाच्या जागी नवी गादी करा. रोपाला दीड महिना लागतो, तेव्हा हा निर्णय या आठवड्यातच घ्या.